निळं जॅकेट

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
१४ एप्रिल २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवतोय. फोनवर पाठवलं असतं तर तू ते गाडी चालवताना वाचलं असतंस. आता फिनिक्सच्या घरी टपालपेटी उघडशील तेव्हाच हातात पडेल, म्हणजे तू सुखरूप पोचलेली असशील.

शनिवारी निघताना तू गाडीचं दार आपटलंस. मी इनहेलरचं तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. "बाबा, मी तीस वर्षांची आहे," म्हणालीस, आणि त्यात काही खोटं नाही. तू वळणावरून दिसेनाशी झालीस तरी मी तिथेच उभा होतो. शेवटी आईने आत बोलावलं.

या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

आज १४ एप्रिल. बरोबर वीस वर्षं झाली. तू दहा वर्षांची होतीस, गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि तरी आपण वॉशिंग्टनच्या नव्या बेसबॉल टीमच्या, नॅशनल्सच्या, घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला गेलो. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, या शहरात १९७१ नंतर पहिल्यांदा स्वतःची टीम आली आहे, हा दिवस परत यायचा नाही. खरं तर मला बेसबॉल तेव्हा धड कळतही नव्हता. तूच शिकवलास, स्वयंपाकघराच्या टेबलावर शेंगदाणे मांडून. पण मैदानावरचा पहिला सामना म्हणजे काय ते मला माहीत होतं. आप्पांनी मला अकराव्या वर्षी वानखेडेवर नेलं होतं, जानेवारी १९७५मध्ये, त्या स्टेडियमच्या पहिल्याच कसोटीला. गिरगावातून चालत. क्लाइव्ह लॉईडचे दोनशे झाले, एक पोरगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला झोडपलं आणि सगळं स्टेडियम खवळलं. त्या रेटारेटीत माझा हात आप्पांच्या हातातून सुटला. पाच मिनिटं असेल, दहा असतील. त्यांनी मला शोधलं तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. लॉईड २४२वर नाबाद राहिला हे मला पुढे पेपरात वाचून कळलं. घरी येऊन आप्पा आईला एक अक्षर बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी आरएफके स्टेडियमवर, आपल्या त्या सामन्याच्या मैदानावर, जाऊन आलो. तुला सांगितलं नाही, तुझी बांधाबांध चालली होती. पाडताहेत ते. कुंपणाबाहेरून बराच वेळ बघत होतो. वरच्या मजल्यावर पांढऱ्या रंगवलेल्या त्या खुर्च्या, इथल्या जुन्या सेनेटर्स टीममधल्या फ्रँक हॉवर्डचे लांबलांबचे होम रन, म्हणजे आपल्याकडचे षटकारच, जिथे जाऊन पडले होते, त्या नेमक्या कुठे होत्या ते आठवायचा प्रयत्न केला. तुला त्या वेळी एकन्‌एक दिसली होती. मला तू बोटाने दाखवत होतीस.

त्या दिवशी आपण फॉरेस्ट ग्लेन स्टेशनला गाडी लावली, रेड लाइनने मेट्रो सेंटर, तिथे बदलून स्टेडियम-आर्मरी. डब्यात सगळे लाल टोप्या घातलेले, अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती. मेट्रोमध्ये असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष बुश पहिला चेंडू टाकायला येणार म्हणून दाराशी तपासणीच्या रांगाच रांगा. आपल्या पुढचे म्हातारे गृहस्थ आठवतात? १९७१च्या शेवटच्या सामन्यालाही ते होते. सेनेटर्स टेक्ससला जाणार म्हणून चिडलेले लोक शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये मैदानात घुसले, तीनपैकी दोन जण बाद, ७-५ अशी आघाडी, आणि जिंकत आलेला सामना यांकीजना बहाल करावा लागला. तेव्हा सेनेटर्सकडून पिचिंग करत होता, म्हणजे चेंडू टाकत होता, जो ग्रझेंडा नावाचा खेळाडू. तो चेंडू त्याने तेहतीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला आणि त्या संध्याकाळी बुश यांनी टाकला तो तोच चेंडू. ते गृहस्थ हे सांगताना रडत होते आणि तू त्यांना तुझा रुमाल दिलास. कोणी शिकवलं नव्हतं तुला हे.

सामन्याआधी जुने सेनेटर्स आपापल्या जुन्या जागांवर जाऊन उभे राहिले आणि नवी पोरं धावत त्यांच्यापर्यंत गेली, ते मी कधी विसरणार नाही. ती पोरं तरी कुठली? निम्म्याहून जास्त मॉन्ट्रियलची. सहा महिन्यांपूर्वी ती तिथल्या एक्स्पोज टीमची होती. दुसऱ्याच्या गावात येऊन त्याला आपलं म्हणायचं होतं त्यांना. मला ते फार जवळचं वाटलं होतं. तुला आता तेच करायचं आहे, आणि तू माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं करशील.

फिनिक्सबद्दल थोडं सांगतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुळीची वादळं येतात, हबूब म्हणतात. समोरून तपकिरी भिंत चालून आल्यासारखं दिसतं. गाडीत असलीस तर पुढे रेटू नकोस. रस्त्यावरून पूर्ण बाजूला घे, दिवे बंद कर, हँडब्रेक लाव आणि ब्रेकवरचा पाय काढ. मागचे दिवे दिसले की मागून येणाऱ्याला वाटतं रस्ता तिथेच आहे आणि तो येऊन आदळतो. काचा बंद, बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद. आणि इनहेलर डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवा. तिथल्या उन्हात बंद गाडीत ठेवूनही चालत नाही, गरम होऊन फुटू शकतो, म्हणजे तो सोबत घेऊनच उतरायचं...

झालं, काढलाच मी विषय. माफ कर. तू हे सगळं वाचून ठेवलेलं असणार. पण मी का विचारत राहतो ते एकदा सांगायलाच हवं. माझ्या या काळजीचं कारण म्हणून तू आणि आई अंजूआत्याचं नाव घेता, पण कारण फक्त तेवढंच नाही.

त्या दिवशी आईने तुझ्या निळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात इनहेलर ठेवला होता. मला सांगितलंही होतं. फॉरेस्ट ग्लेनला उतरताना मीच म्हटलं, निळं काय घालतेस, आपली टीम लाल आहे, आजीने विणलेला स्वेटर घाल. जॅकेट मीच काढलं तुझ्या अंगातून. मागच्या सीटवर टाकलं आणि गाडीला कुलूप लावलं.

चौथ्या इनिंगमध्ये आपल्या विनी कॅस्टियाने ट्रिपल मारला, म्हणजे एका फटक्यात तिसरा बेस गाठला, दोन धावा आल्या, आणि थर्ड बेसकडचे सरकते स्टँड माणसांसकट वरखाली व्हायला लागले. तू माझ्या मांडीवर उभी राहून ओरडत होतीस. मग ओरडायची थांबलीस. मला वाटलं दमली. तू माझी बाही ओढलीस आणि "बाबा, जॅकेट," एवढंच म्हणालीस.

जिन्याने तुला उचलून कसं खाली आणलं मला आठवत नाही. प्रथमोपचाराची खोली विचारत मी उलट्या दिशेला धावलो, मग परत. तिथल्या नर्सने काय होतंय विचारलं आणि माझ्या तोंडून इंग्रजीच फुटेना. तू सांगितलंस. एकेक शब्द, मध्ये श्वास घेत. औषधाचं नाव, डोस, शेवटचा कधी घेतला ते. मग म्हणालीस, "माझे बाबा घाबरलेत, त्यांना पाणी द्या." दहा वर्षांची होतीस गं.

कॅस्टियाचा होम रन आपण पाहिला नाही. तुझ्या तोंडावर मास्क होता आणि अचानक डोक्यावरचं सगळं काँक्रीट गडगडायला लागलं. मला वाटलं इमारत पडतेय. तू मात्र डोळे मोठे करून, मास्कमधूनच, चार बोटं वर केलीस. चार बेस. तू तो होम रन आवाजावरून ओळखलास. लोकांना तू अजून सांगतेस की तो डोळ्यांनी पाहिला, आणि मी कधी तुला खोडून काढलं नाही.

आठव्या इनिंगला तू हट्टाने परत वर नेलंस मला. चारही प्रकारचे फटके एकाच सामन्यात पुरे करायला कॅस्टियाला फक्त एक सिंगल हवा होता, डबल, ट्रिपल, होम रन सगळं झालं होतं. आणि चेंडू त्याच्या अंगावर बसला. अख्ख्या मैदानाबरोबर तू इतक्या जोरात हुर्यो केलीस की मला आधी तुझ्या छातीचा आवाज ऐकायचा होता, आणि तू मला गप्प बसवलंस. नवव्यात समोरच्या अॅरिझोनाच्या टीमने तीन धावा काढल्या तेव्हा माझे हात थरथरत होते, सामन्यासाठी नव्हे. ५-३ने जिंकलो. आपला पिचर लिव्हान हर्नांडेझने आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला होता, हे तूच परतीच्या गाडीत मला समजावलंस, खिडकीला डोकं टेकून.

गाडीत तू जॅकेट परत चढवलंस आणि म्हणालीस, आईला नको सांगू या. मी सांगितलं नाही. वीस वर्षं. २०१९मध्ये नॅशनल्सनी ह्यूस्टनला वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना जिंकला, आपण तिघं सोफ्यावर नाचलो, तेव्हा ओठांवर आलं होतं. काल रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला धुवायला टाकताना कळलं होतं, खिशातला तसाच भरलेला होता आणि मनूच्या हातावर दवाखान्यातली पट्टी होती.

म्हणजे तुम्ही दोघींनी मला सांभाळलंत.

तुझं तिथलं काम मोठं आहे. त्यांनी तुला बोलावून घेतलं, हे मी नंदूकाकाला दोनदा फोन करून सांगितलं आहे आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅपवरही. तुला आवडणार नाही, पण टाकलं.

नॅशनल्स तिकडे खेळायला येतील तेव्हा मी येऊ का? तिथल्या मैदानाला मिटणारं छप्पर आहे, आत गार हवा असते, धूळ नाही. तू अजून रागावलेली असलीस तर राहू दे, पुढच्या वर्षी येईन. लाल स्वेटर आई शोधून ठेवते म्हणाली आहे, तो आता कुणाला येणार नाही, पण बरोबर आणेन.

पोचल्यावर आईला फोन कर. मी शेजारीच असेन.

तुझा,
बाबा

ता. क. पर्स बदललीस, तर आधी जुनीचा आतला खिसा बघ.