बिल काढण्याआधी पाहुण्याचा लॅपटॉप जोडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या अमुक शाळेत, तमुक कॉलेजात स्मार्ट क्लासरूम सुरू झाल्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. सरकारी प्राथमिक शाळांत २०१७ पासून गुजरात सरकारच्या 'ज्ञानकुंज' योजनेतून प्रोजेक्टर आले, खासगी संस्थांनी त्याहून मोठी पॅनेल्स भिंतीवर चढवली. फीत कापतानाच्या फोटोत पडदा नेहमी लख्ख उजळलेला असतो, कारण त्या दिवशी त्याला बसवणाऱ्याचाच लॅपटॉप जोडलेला असतो. बाहेरच्या माणसाचा लॅपटॉप जोडायची वेळ आली की काय होतं, ते कुणी छापत नाही.

मी पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका. अजूनही कुणी बोलावलं तर तास घ्यायला जाते. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजात गेले होते. नाव लिहीत नाही, माणसं सज्जन आहेत. पोडियमच्या भोकातून एकच केबल डोकावत होती: निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली जुन्या पद्धतीची व्हीजीए, पंधरा पिनांतली एक पार आडवी झालेली. माझ्या नव्या लॅपटॉपला टाइप-सीशिवाय दुसरं भोकच नाही. माझ्याकडे टाइप-सीची एचडीएमआय (व्हीजीएनंतरची नवी जोडणी) करणारा जोड होता, म्हणून तिची पुढे व्हीजीए करायला शिपाईभाई धावपळ करून ऑफिसातून एक कनेक्टर घेऊन आले. तो निघाला उलट्या कामाचा, व्हीजीएची एचडीएमआय करणारा. पडद्यावर 'नो सिग्नल' तसंच. मग लॅब असिस्टंट आले, त्यांनी केबल दोन्ही टोकांना हलवून पाहिली आणि म्हणाले, "बेन, काले तो चालतुं'तुं." (बाई, काल तर चालत होतं.) तोवर निम्मा वर्ग मोबाइलमध्ये शिरला होता. शेवटी खडू उचलला. फळ्यावर शिकवायला माझी ना नाही, सगळी नोकरी त्यातच गेली. पण त्या दिवशी प्रकाशाच्या व्यतिकरणाचे, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे सरकताना दाखवायचे होते, आणि खडूने काढलेले पट्टे सरकत नाहीत.

यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. व्हीजीए १९८७ सालची. ती फक्त चित्र नेते, आवाज नेत नाही. एचडीएमआय २००२ च्या अखेरीस आली. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल रूपात जातात. त्यामुळे या दोहोंमधला कनेक्टर म्हणजे नुसती तारेला तार नव्हे. त्याच्या आत सिग्नल बदलणारं सर्किट असतं आणि ते एकाच दिशेने काम करतं. लॅपटॉपकडे एचडीएमआय आणि प्रोजेक्टरकडे व्हीजीए असेल तर एक, उलट असेल तर दुसरा. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात, बिल करणारा विचारत नाही आणि आणायला गेलेल्याला कुणी सांगितलेलं नसतं. टाइप-सीची तर आणखी गंमत. भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. कित्येक लॅपटॉपांत ते चार्जिंग आणि फाइलींपुरतंच असतं. शेजारी थंडरबोल्टची विजेची खूण असेल तर निर्धास्त राहावं, नाहीतर आधी तपासून घ्यावं.

केबल बरोबर असली तरी सुटका नाही. प्रोजेक्टर छताला, पोडियम दुसऱ्या टोकाला, मधली तार भिंतीतून फिरवून आणलेली. एचडीएमआयची साधी तार इतकी लांब गेली की सिग्नल क्षीण होतो. चित्र लुकलुकतं, मध्येच काळं पडतं. अशा ठिकाणी ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकायची असते, किंवा सिग्नल नेटवर्कच्या तारेवरून नेणारी, दोन टोकांना बसवायच्या डब्यांची जोडी. हे भिंतीला प्लास्टर होण्याआधी ठरवायचं असतं. इथे स्वस्तातली तार एकदा आत गाडली की पुढची दहा वर्षं येणारा प्रत्येक वक्ता ती हलवत बसतो.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं: "पेन ड्राइव्ह आणा, आमच्या कॉम्प्युटरवर लावू." आपल्या मराठी माणसांना यातला धोका चांगला ठाऊक आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ करून नेली तर अक्षरं वाचतात, पण मग त्यातलं काही हलत नाही. दुसरं उत्तर: "वायरलेस आहे ना!" असतं खरं. पण बहुतेक पॅनेल्सना लॅपटॉप त्याच वाय-फायवर लागतो, आणि पाहुण्याला मिळतो गेस्टचा पासवर्ड. ते नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, म्हणजे पॅनेल दिसणारच नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. त्या खात्याची दृश्य-शिक्षणाची वेगळी शाखा होती आणि ती मॅजिक लँटर्न नि सिनेमा खेड्यांतल्या लोकांपर्यंत नेत असे. यंत्राला चालवणारा लागतो, हे त्या खात्याला कुणी पत्र लिहून कळवावं लागलं नसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. खोली ताब्यात घेताना ठेकेदाराने स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवलेलं चित्र धरू नका. तीन परके लॅपटॉप आणा: एक जुना, एक नुसत्या टाइप-सीचा, एक ॲपलचा. ते पोडियमवरूनच जोडा. चित्र यायला हवं, आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या पिटुकल्या स्पीकरमधून न येता वर्गाच्या स्पीकरमधून यायला हवा, आणि अख्खा तासभर काही लुकलुकता कामा नये. मगच बिल काढा. सगळे कनेक्टर बँकेतल्या पेनासारखे दोरीने पोडियमला बांधून ठेवा. ऑफिसच्या कपाटात ठेवले की चावीवाला रजेवर जातो. प्रोजेक्टरचा रिमोटही तिथेच. व्याख्यानाआधी पंधरा मिनिटं खोली उघडी मिळावी, ही मागणी तर फुकटात पुरी होण्यासारखी आहे.

आणि एक कागद चिकटवा. रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबून एचडीएमआय एक निवडा की दोन, ते त्यावर लिहिलेलं असावं. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा, हेही. ते 'एक्स्टेंड'वर राहिलं तर स्लाइड लॅपटॉपवर बसते आणि शंभर मुलांसमोर पडद्यावर आपल्या नातवाचा मुंजीतला फोटो झळकतो. आवाज कुठून निवडायचा, ते एका ओळीत. खाली फोन नंबर, आणि तो उचलणाऱ्या माणसाचं नाव. जूनमध्ये सत्र सुरू होण्याआधी एवढं सहज होईल. कागदाचा मजकूर मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहून द्यायला मी तयार आहे. लॅमिनेशन मात्र कॉलेजांनी करावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा