ज्येष्ठमधाबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या वनस्पतींवरचा लेख वाचला. सर्पगंधेची माहिती चांगली होती. पण ‘वनस्पतीच असल्याने अपाय नाही’ हे त्यातलं वाक्य मला फार खटकलं.

सर्पगंधेचंच घ्या. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला आणि १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. वाहिनीला ‘आवळ’ असा निरोप देणारं नॉरॲड्रेनॅलिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं असतं. रेसर्पिन तो साठाच रिकामा करतं. निरोप गेला नाही की वाहिनी सैल राहते आणि रक्तदाब उतरतो. पण मेंदूतले साठेही असेच रिते होतात, आणि जास्त मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी त्या काळच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. गुण आणि धोका एकाच मुळातले. मूळ कुटून घेतलं तर धोका जात नाही, उलट पोटात किती रेसर्पिन गेलं याचा अंदाजच राहत नाही.

काही वनस्पती तर रक्तदाब चढवतात. एफेड्रातलं एफेड्रिन वाहिन्या आवळतं. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या आहारपूरकांवर बंदी घातली.

ज्येष्ठमधाचा अनुभव मात्र घरातला आहे. आईचा रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात होता. खोकल्यासाठी तिने ज्येष्ठमधाचं चूर्ण सुरू केलं आणि बरं वाटतं म्हणून दोन महिने रोज घेतलं. पावलं सुजली, रक्तदाब चढला, डॉक्टरांनी गोळी वाढवली. चूर्णाचं तिने सांगितलंच नव्हतं, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं दिसलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “आणखी काय घेता?” ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं, कॉर्टिसॉल या संप्रेरकाला आवरणारं एक विकर (एन्झाइम) दबतं, मग कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखं वागू लागतं: मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. चूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांनी ती पुन्हा जुन्या गोळीवर आली.

पुढच्या लेखात प्रत्येक वनस्पतीपुढे ती वाहिनी सैल करते की आवळते, रक्तदाब वाढवते का आणि कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, एवढं कृपया छापावं. ज्येष्ठमध त्यात राहून जाऊ नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक