बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या घरमालकीण आक्कांना, वरच्या खोलीतल्या पोरांकडून

आक्का, नमस्कार.

हे तोंडावर सांगायला आलो तर तुम्ही "बरं बरं, जा आता, गॅसवर दूध हाय" म्हणून उठून जाणार, म्हणून इथं लिहितोय, नात वाचून दाखवेल तुम्हाला. आणि चार लोकांनी वाचलं तर वाचू दे की, उद्यमबागेत कामाला येऊन खोली करून राहणारी आमच्यासारखी पोरं या गावात काय कमी आहेत का.

खानावळीचा डबा बंद केला तेव्हा आम्हा तिघांना वाटलेलं मोबाईल आहे म्हटल्यावर काय अवघड आहे. व्हिडिओत सगळी मापं देतात, एक वाटी हे, अर्धा चमचा ते, आणि माप बरोबर असून पण अख्खा मसूर काय शिजायचा नाही. तुम्ही दारात येऊन पातेल्यात डोकावलात आणि मापाचं नावसुद्धा काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, "चिंच कधी घातलास रे?" म्हटलं सुरुवातीलाच. "मग कसा शिजंल तो? आधी शिजू दे की त्याला, गडबड काय हाय!"

तेव्हापासून तुमचं सगळं शिकवणं त्या 'कधी'वरच चाललं. आंबट लवकर पडलं की कडधान्य मऊ व्हायला वेळ घेतं, मग चिंच असो, आमसूल असो नाहीतर टोमॅटो. बोअरच्या जड पाण्यात तर अजूनच रखडतं, म्हणून भिजत घालायला आणि शिजवायला प्यायचं पाणी घ्या म्हणालात.

कांदा परतताना मीठ आधी, कारण त्याला पाणी सुटून तो लवकर मऊ पडतो, पण मेथीत मीठ शेवटी, कारण परातभर दिसणारी भाजी कढईत मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ मग जास्त होतं. आणि मेथीवर झाकण नाही, हिरवी राहते. एकच मीठ, दोन भाज्या, दोन वेळा. हे कुठल्या व्हिडिओत सांगितलेलं मी तरी बघितलं नाही.

उकळी आल्यावर पण आम्ही गॅस मोठाच ठेवायचो, मग खालनं आवाज यायचा, "सिलेंडर फुकट आलाय काय?" तुमचं बरोबरच होतं आक्का. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, त्यामुळं इथं पाणी 97-98 अंशालाच उकळायला लागतं, आणि एकदा उकळलं की खाली कितीपण जाळ करा, ते त्याच्या वर तापत नाही, नुसती वाफ होऊन उडून जातं. कुकरात दाब धरतो म्हणून पाणी 120 च्या आसपास जातं आणि डाळ लवकर होते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, हे तुम्ही आकडे न सांगता सांगितलंत, आकडे आम्हाला कंपनीतल्या बॉयलरमुळं माहीत होते पण ते घरच्या कुकरला लागू होतात हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि झाकण लावायच्या आधी उजेडाकडं धरून शिट्टीच्या नळीतनं आरपार दिसतंय का बघायचं, डाळ असली तर कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस येऊन नळी चोंदते, हे तर मी आता कंपनीत पण सगळ्यांना सांगतो.

भाकरीचं मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तिथंच बाकीची पोरं हार मानून चपातीचं पाकीट आणतात. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणायचा. परातीत पिठाचं आळं करून मधोमध कढत पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवून झाकून ठेवायचं, हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं, आणि मळल्यावर लगेच थापायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते, मग किती पण मळा, कडा फाटतातच, म्हणून गिरणीतनं थोडं थोडं दळून आणायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावरनं पाण्याचा हात फिरवायचा आणि इथंच खरी मेख आहे, ते पाणी पूर्ण वाळायच्या आत भाकरी उलटायची. वाळू दिलं की भेगा पडल्याच म्हणून समजा. तुम्ही बाजूला स्टुलावर बसून "थांब… थांब… आता!" म्हणायचा. त्या 'आता'ला भाकरीचा ओला रंग नुकता मातकट व्हायला लागलेला असायचा. हात शिवशिवत असणार तुमचे, पण एकदाही माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं नाहीत. त्याबद्दल खास आभार, आमच्या घरी हे कुणाला जमलं नसतं.

तिखटाचं पण तसंच. रंगाला ब्याडगी, झणक्याला आपली संकेश्वरी, हे तर बेळगावात शेंबड्या पोराला माहीत आहे. पण फोडणी झाल्यावर गॅस बंद करून मग तिखट टाकायचं आणि लगेच वरनं आमटी ओतायची, नाहीतर तेलात जळून ते काळं-कडू होतं आणि अख्खी गल्ली खोकते, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

उरलेला भात जेवण झाल्या झाल्या ताटात पसरून गार करायचा आणि फ्रिजात, रात्रभर ओट्यावर नाही. सकाळी गरम केला म्हणून प्रत्येक वेळी चालतोच असं नाही.

आणि तो बटाटा! आमटी खारट झाली तर बटाटा टाका, मीठ ओढून घेतो, असं रूममेटनं कुठंतरी बघितलेलं. तुम्ही इतक्या हसलात त्याला. "बटाटा खारं पाणी पितो रे, मीठ निवडून कशाला घेईल?" बिनमिठाची शिजवलेली डाळ घालून वाढवायची, नाहीतर गरम पाणी घालून पातळ करायची आणि शेजारी वाटीभर द्यायची. त्या दिवशी ती वाटी तुम्हालाच आली, आणि तुम्ही काही न बोलता भाताबरोबर खाल्लीत.

आईला मागच्या महिन्यात इथं आणलं होतं, तिला मसुराची आमटी आणि भाकरी करून घातली. तिनं पहिली चौकशी तुमची केली, कोण बाई आहे ती म्हणून. पुढच्या खेपेला तुमच्यासाठी खानापूरकडचे घरचे तांदूळ आणणार आहे, नको म्हणू नका, भाडं पण कमी करू नका.

रविवारी खाली येतो. तुमच्या कुकरचं रबर सैल झालंय, बाजूनं वाफ जाते, मी परवा बघितलं. जुनं मापाला काढून ठेवा, गणपत गल्लीतनं नवीन आणून बसवून देतो.

तुमचाच,
वरच्या खोलीतला, भाकरी फुगायला लागलेला