यंत्राच्या निर्णयाखाली सही कोणाची?

प्रति,
माननीय मंत्री, माहिती तंत्रज्ञान

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे झालेल्या निर्णयाचं कारण मागण्याचा हक्क कायद्यात आणण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

सतरा वर्षं मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं माणसांच्या अर्जांना गुण देणाऱ्या प्रणालींवर गेली. आपल्याला लिहावं असं वाटलं ते त्या काळातल्या एका बैठकीमुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कर्जाचे अर्ज तपासणारी एक प्रणाली आम्ही तयार केली होती. प्रत्येक अर्जाला ती शून्य ते एकच्या दरम्यानचा एक आकडा द्यायची. आकडा जितका मोठा, तितकी कर्ज बुडण्याची भीती जास्त. प्रश्न उरला होता तो कट-ऑफचा. कुठल्या आकड्याच्या वर अर्ज थेट बाद करायचा? बैठकीत कोणीतरी विचारलं, हाताने तपासायला माणसं किती आहेत? तीन. ते तिघं मिळून दिवसाला किती अर्ज बघू शकतील याचा हिशेब झाला, आणि बाकीचे आपोआप बाद होतील अशा बेताने रेघ ओढली गेली. 0.62. दहा मिनिटांत विषय संपला. 0.61 आलेल्याची फाइल माणसाच्या हातात जाणार होती, 0.63 आलेल्याची कोणी उघडूनही बघणार नव्हतं. या दोघांत फरक काय, हे त्या खोलीत कोणालाच सांगता आलं नसतं. मी तिथे होते आणि मी काही बोलले नाही.

काही आठवड्यांनी मी मदतकक्षात बसून येणारे फोन ऐकत होते. एका बाईंनी विचारलं, माझा अर्ज का नाकारला? फोन घेणाऱ्या मुलाच्या स्क्रीनवर एकच ओळ होती : 'निकषांत बसत नाही.' कुठले निकष, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तीच ओळ दोनदा वाचून दाखवली. बाई चिडल्या नाहीत. "मग मी नेमकं काय दुरुस्त करू, तेवढं तरी सांगा," म्हणाल्या. प्रणाली बांधणाऱ्यांपैकी एक त्या मुलाच्या शेजारी बसली होती आणि तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

महोदय, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क म्हटलं की बनावट चित्रफिती, युद्धातले ड्रोन, नोकऱ्या जाण्याची भीती यांवर बोललं जातं. ते बोलायलाच हवं. पण मला काळजी वाटते ती या निमूट नकारांची. त्यात आरडाओरडा नसतो, बातमी होत नाही. कोणाचं कर्ज नाकारलं जातं, कोणाचा भत्ता थांबतो, कोणाचं नाव संशयितांच्या यादीत चढतं, आणि विचारायला गेलं की प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर मिळतं : सिस्टीमने केलंय. सिस्टीमला अर्ज करता येत नाही, सिस्टीमला कोर्टात उभं करता येत नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं आठवं कलम मूलभूत हक्कांवर घाला आला तर दाद मागण्याचा हक्क देतं. पण आपल्याविरुद्ध निर्णय कशावरून झाला हेच कळलं नाही, तर माणूस दाद मागणार कशाची?

नेदरलँड्समध्ये काय झालं ते आपल्याला ठाऊक असेलच, तरी त्यातला एक बारकावा मुद्दाम सांगते. तिथल्या करखात्याने पाळणाघराच्या सरकारी मदतीचे अर्ज तपासायला धोका मोजणारी प्रणाली लावली होती. अर्जदार त्या देशाचा नागरिक आहे की नाही, ही गोष्टही त्या मोजमापात धरली जात होती. हजारो पालकांवर लबाडीचा शिक्का बसला, कागदपत्रांतल्या क्षुल्लक चुकांसाठी कित्येक वर्षांची मदत एकरकमी परत मागितली गेली. घरं मोडली. या कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून दूर ठेवली गेली. अखेर 15 जानेवारी 2021 ला अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आता तो बारकावा. ती प्रणाली स्वतः निर्णय देत नव्हती. ती फक्त फाइल निवडायची आणि पुढची तपासणी कर्मचारी करायचा. म्हणजे 'शेवटचा निर्णय माणसाचाच' हे आश्वासन तिथे कागदोपत्री पाळलं जात होतं. पण या फाइलचा आकडा जास्त का आला, हे त्या कर्मचाऱ्याला कोणी सांगत नव्हतं. समोर आलेली फाइल संशयितच असणार, असं धरून तो कामाला लागणार नाही तर काय करणार?

म्हणून कायद्याच्या मसुद्यात 'मानवी देखरेख' हे दोन शब्द दिसले की माझं समाधान होत नाही. दिवसाला दोनशे फाइली हातावेगळ्या करायच्या असतील, यंत्राच्या मताला हो म्हटलं तर एक क्लिक आणि नाही म्हटलं तर दोन पानी खुलासा लागत असेल, तर ती देखरेख म्हणजे नुसता अंगठा उमटवणं आहे. देखरेख करणाऱ्याला कारण कळलं पाहिजे, वेळ मिळाला पाहिजे आणि यंत्राला नाही म्हणण्याचा अधिकार शिक्षेविना वापरता आला पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी तिथे माणूस बसवून उपयोग नाही.

ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाने गाजलेल्या, सरकारी भत्ता घेणाऱ्यांकडून जास्तीची रक्कम वसूल करण्याच्या योजनेत तर कृत्रिम बुद्धिमत्ताही नव्हती. तिथे साधा भागाकार होता. करखात्याकडून वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला 26 पंधरवड्यांनी भागायचं आणि माणसाने दर पंधरवड्याला कळवलेल्या उत्पन्नाशी ते जुळतं का बघायचं. ज्याला सहा महिने काम होतं आणि सहा महिने नव्हतं, त्याचा हिशेब कधीच जुळणार नव्हता. अशा लाखो लोकांना सरकारी देणं फेडा म्हणून नोटिसा गेल्या, आणि देणं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावरच टाकलं गेलं. जुन्या पगारपावत्या शोधत लोक वेडेपिसे झाले. 2023 च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला आणि ही योजना अन्यायकारकही होती आणि बेकायदाही, असं स्पष्ट म्हटलं. इथे मला एक सुचवावंसं वाटतं. कायद्यात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या शब्दाची व्याख्या करण्यात फार शाई खर्च करू नये. व्याख्या घट्ट केली की 'आमचं तर साधं एक्सेल आहे' म्हणत सुटणारे सुटतात. व्याख्या निर्णयाची करा. यंत्राच्या हिशेबावरून माणसाच्या हक्काला धक्का लागत असेल, तर तो हिशेब साधा की गहन, याने काय फरक पडतो?

आपल्यासमोर सादरीकरणं होत असतील, त्यांत अचूकतेचे मोठे आकडे असतील. त्याबद्दल थोडं गणित मांडते, कारण ते सादरीकरणात कोणी मांडत नाही. समजा एक लाख लोकांमध्ये खरोखर लबाडी करणारे 100 आहेत. यंत्र 99 टक्के अचूक आहे. ते त्या शंभरातले 99 पकडेल. पण उरलेल्या 99,900 प्रामाणिक माणसांपैकी एक टक्का, म्हणजे 999 जणांवरही ते बोट ठेवेल. यादीत 1,098 नावं येतील आणि दर अकरा नावांतली दहा निर्दोष माणसांची असतील. यंत्रात बिघाड नाही, दावाही खोटा नाही, आणि तरी असं होतं.

शिवाय चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त 0.8 टक्के होतं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते 34.7 टक्क्यांपर्यंत गेलं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी 2020 च्या जानेवारीत एका कृष्णवर्णीय माणसाला चेहरा जुळला म्हणून त्याच्या घराच्या अंगणात, बायको आणि दोन लहान मुलींदेखत हातकड्या घातल्या. चोरी दुसऱ्याच कोणीतरी केली होती. त्याला सुमारे तीस तास कोठडीत काढावे लागले. त्या मुलींनी जे पाहिलं ते पुढे कुठल्या समझोत्याने पुसता येईल? 2024 मध्ये त्या शहराने समझोता केला आणि केवळ यंत्राने चेहरा जुळवला म्हणून अटक करणार नाही, असं कबूल केलं. हा नियम आधी करायला काही अडचण नव्हती. कोणी केला नाही, इतकंच.

मग करावं काय? माझी मागणी एकच आहे आणि बाकीचं त्यातून निघतं. घराच्या नकाशाखाली आर्किटेक्टची सही लागते, औषधाच्या चिठ्ठीखाली डॉक्टरची लागते. माणसाच्या हक्काला धक्का लावणाऱ्या प्रत्येक यंत्राधारित निर्णयाखाली एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि सही असावी, आणि त्यावर कारण लिहिलेलं असावं. कारण म्हणजे 'निकषांत बसत नाही' हे नव्हे. कुठली माहिती वापरली, त्यातली कुठली विरोधात गेली, आणि ती चुकीची असेल तर कुठे दुरुस्त करायची, एवढं तरी त्या माणसाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. आणि त्याने हरकत घेतली की सुनावणी होईपर्यंत कारवाई थांबली पाहिजे. हे शेवटचं वाक्य मसुद्यातून हमखास गळतं, म्हणून त्याचा आग्रह धरते. भत्ता आधी बंद आणि सुनावणी आठ महिन्यांनी, या क्रमाने न्याय मिळाला तरी तोवर माणूस रस्त्यावर आलेला असतो.

सही करायची म्हटली की अधिकारी आपोआप प्रश्न विचारू लागेल. हा कट-ऑफ कोणी ठरवला? कशावरून? गावाबाहेर राहणाऱ्यांचे, बायकांचे, मजुरी करणाऱ्यांचे अर्ज जास्त बाद होतात का, हे कोणी तपासलं? आमच्या त्या बैठकीत सही करावी लागली असती, तर 0.62 दहा मिनिटांत ठरला नसता.

विकणारी कंपनी म्हणेल, आतलं गणित आमचं व्यापारी गुपित आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. आरोपीला शिक्षा ठरवताना तो पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याचा, यंत्राने काढलेला आकडा विचारात घेतला होता आणि तो आकडा कसा निघाला हे त्याला बघायला मिळालं नव्हतं. न्यायालयाने इशारेवजा सूचना जोडून तो वापर चालू दिला. मला तो निकाल पटत नाही. कंपनीला गुपित जपायचं असेल तर तिने खुशाल जपावं, पण मग तिची वस्तू सरकारने विकत घेऊ नये. आणि सरकार कुठे कुठे अशा प्रणाली वापरतं, याची यादी सगळ्यांना बघता यावी. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी 2020 मध्येच अशी नोंदवही खुली केली. त्याला फार पैसा लागत नाही.

काही गोष्टी सही घेऊनही करू नयेत. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचा कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला. माणसांना वागणुकीवरून सामाजिक गुण देणं, इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून त्यांचा साठा करणं, अशा प्रकारांना त्याने 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली. त्याच्या 86 व्या कलमात कारण मागण्याचा हक्कही आहे, जोखमीच्या ठरवलेल्या प्रणालींपुरता. पण राष्ट्रीय सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणाली त्या कायद्याने बाहेरच ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते तिथेच खरं पाणी मुरतं. ज्या खात्यांकडे कोठडीच्या किल्ल्या आहेत, त्यांनाच सूट कशी देता येईल? आपण कायदा कराल तेव्हा ती पळवाट उचलून आणू नये, ही कळकळीची विनंती.

नियमांनी प्रगती अडेल, असं आपल्याला रोज ऐकवलं जात असेल. मी याच धंद्यात पोट भरते. कारण लिहून द्यायचं म्हटलं तर आमचं काम अवघड होईल, हे खरं आहे. काही प्रणाली बाजारात उशिरा येतील, काही येणारच नाहीत. ज्या प्रणालीला स्वतःच्या नकाराचं कारण देता येत नाही, ती कर्ज, भत्ता आणि कोठडी यांच्या जवळपास आली नाही तर माझी तक्रार नाही.

मसुद्यावर काम सुरू होईल तेव्हा समितीपुढे येऊन हे सगळं तांत्रिक तपशिलासह सांगायची माझी तयारी आहे. कट-ऑफ कसे ठरतात, चाचणीत काय तपासलं जात नाही, मदतकक्षाच्या स्क्रीनवर काय दिसतं, हे मी प्रत्यक्ष दाखवू शकते. कृपया त्याच दिवशी मदतकक्षात फोन घेणाऱ्या दोन-तीन जणांनाही बोलवा. ते फोनवर काय ऐकतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नसतं.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता

(आपल्या कार्यालयात पाठवलेल्या प्रतीवर माझं पूर्ण नाव, पत्ता आणि सही आहे.)