किशोरवयीन मुलांच्या घरच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी मंडळीला आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

दृढीकरण (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याचा विधी) झाले की आपली मुले देवळातून कमी होऊ लागतात, हे आपण सगळेच पाहतो आणि उपासनेनंतर चहा घेताना बोलतोही. नववीला क्लास लागतो, क्लासची टेस्ट नेमकी रविवारी सकाळी येते. मग मुलगा मागच्या बाकावर दिसतो, मग गेटबाहेर मित्रांबरोबर आणि शेवटी फक्त नाताळला. यावर दर वेळी उपाय तेच सुचवले जातात : शब्बाथ शाळेने, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाने, काहीतरी करावे, तरुण संघाने काहीतरी करावे, पाळकसाहेबांनी एकदा त्याच्याशी बोलून घ्यावे. समितीने या वर्षी वेगळा विचार केला आहे. मुलांसाठी आणखी एक कार्यक्रम आम्ही मागत नाही. आईवडिलांच्या हाताला हात लावण्यासाठी आम्हाला पैसे हवे आहेत आणि माणसेही हवी आहेत.

आपल्या शब्बाथ शाळेने काय केले आहे हे नव्या सभासदांना कळायला हवे. हॉलमागच्या खोलीत बाके नव्हती तेव्हा सतरंजीवर वर्ग भरत. परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रात्रपाळी करून थेट वर्गावर येणारे आपले जुने गुरुजी डोळे लाल असतानाही एकही रविवार चुकवत नसत. लालबागच्या आपल्या नर्सबाईंनी ड्यूटीचा रविवार इतरांशी बदलून घेत दोन पिढ्यांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली. आज जे आजोबा झाले आहेत तेही त्यांना बाईच म्हणतात. 1982 चा गिरणी संप लागला तेव्हा ज्या घरांत चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता, त्याच घरांतल्या बायकांनी रोजच्या तांदळातली मूठ बाजूला ठेवून शब्बाथ शाळेच्या नाताळच्या खाऊला दिली. ती मूठ समिती विसरलेली नाही. पुढे डॉकयार्डमधून निवृत्त झालेल्या काकांनी ग्रॅच्युइटीतून बाके दिली, आपल्या भगिनी मंडळाने हंगाम सणाच्या लिलावाच्या पैशांतून बाजाची पेटी घेतली, आणि ऑस्ट्रेलियाला गेलेल्या आपल्या एका लेकीने गेल्या नाताळला प्रोजेक्टर पाठवला. या सर्वांचे ऋण मोठे आहे आणि ते आनंदाने मान्य करतो.

पण शब्बाथ शाळा घराची जागा घेण्यासाठी कधीच नव्हती. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात ती सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या, अक्षर न शिकलेल्या गरीब मुलांसाठी. त्याच्या अडीचशे वर्षे आधी, 1529 मध्ये, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी ख्रिस्ती शिकवणीची लहान प्रश्नोत्तरावली लिहिली तेव्हा तिच्या भागांवर स्पष्ट लिहिले की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये फिरून लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे त्यांनी पाहिले होते. मोशेनेही बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हे काम याजकावर सोपवले नाही. घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोला, असे तो सांगतो. कल्याणच्या गाडीत शेजारी उभ्या असलेल्या मुलीशी बोलणेही यात आलेच. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता. त्याचा विश्वास घडवला आजी लोईस आणि आई युनीके यांनी, घरात.

आपली अडचण काय आहे हे पालकांच्या सभेत मोकळेपणी पुढे आले. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, आईबाप मराठी शास्त्र वाचतात, त्यामुळे एकाच घरात दोन बायबले उघडतात आणि कुणीच कुणाला वाचून दाखवत नाही. दोघेही नोकरीला, घरी पोचायला साडेआठ, नऊ. आणि मुलांचे प्रश्न सोपे राहिलेले नाहीत. देव चांगला असेल तर आजी एवढे का भोगून गेली? शाळेतली मैत्रीण रोज देवाला दिवा लावते आणि आपल्यापेक्षा प्रेमळ आहे, मग तिचे काय? एका आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की उत्तर येत नाही म्हणून ती मुलीला गप्प बसवते. “मलाही नीट ठाऊक नाही, आपण दोघी मिळून शोधू” असे म्हणायला बळ लागते. ते बळ देणे हे आमच्या योजनेचे खरे काम आहे.

त्यासाठी दर आठवड्याला एका पानाची घरपत्रिका काढायची आहे, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. एक शास्त्रपाठ, एक गीत, आणि जेवताना बोलण्यासाठी तीन प्रश्न. तिच्या जोडीला विभागवार पालकसभा, समुपदेशकांची मदत आणि पालक व मुलांचे शिबिरही योजनेत आहे. पहिल्या पानावर लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला आहे. सगळे उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून घरात येत नाही. प्रश्न विचारला आहे तो थोरल्या भावाचा : तो रागावला यात त्याचे चुकले का? ज्या तीन घरांत हे पान वापरून पाहिले तिथे सोळा वर्षांची मुले अर्धा अर्धा तास बोलत राहिली, आणि बाप त्या थोरल्याची समजूत घालायलाही बाहेर आला होता हे एका मुलानेच वडिलांना दाखवले.

जबरदस्ती मात्र कुठेही नको. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी आपल्या याच मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर दोघे वेगळे राहत होते; मधल्या काळात लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या तेव्हा आधी आपला धर्म सांभाळूनच राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना तसे राहू दिले. आपल्या वयात येणाऱ्या मुलांशी आपण इतक्या धीराने वागतो का, हे पालकांनी स्वतःला विचारावे.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षीही समितीने हाक दिली होती. त्याच महिन्यात हॉलच्या गळतीसाठी मागितलेली रक्कम बघता बघता जमली, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पालकसभेला मात्र मांडलेल्या खुर्च्यांपैकी बहुतेक रिकाम्या राहिल्या आणि केलेला चहा वाटायला माणसे नव्हती. कुणावर राग नाही, पण वाईट वाटले. छप्पर दुरुस्त करून ठेवले तरी त्याखाली बसणारी मुले कुठे आहेत?

खर्च असा : वर्षभराच्या घरपत्रिकांची छपाई रु. 48,000, समुपदेशकांचे मानधन 36,000, विभागवार पालकसभांचे चहापाणी व प्रवास 18,000, पालक व मुलांचे दोन दिवसांचे शिबिर 60,000, एकूण 1,62,000. जमा 41,000, हवेत 1,21,000. एका घराच्या वर्षभराच्या पत्रिकांसाठी रु. 600 चालतील, कमीही चालतील. रोख वा चेक रविवारी उपासनेनंतर कोशाध्यक्षांकडे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. क्यूआर कोड सूचना फलकावर आहे, पाठवताना ‘घरपत्रिका’ लिहावे, नाहीतर रक्कम सर्वसाधारण निधीत जाते. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी पालकसभेसाठी घर उघडावे. भायखळा, घाटकोपर आणि विरार येथे घरे मिळाली आहेत, कल्याण-बदलापूर व पनवेलकडे अजून एकही नाही. मराठी-इंग्रजी भाषांतर करू शकणारे दोघे आणि टायपिंगला एक जण तातडीने हवा. नावे व देणग्या या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत याव्यात, छापखान्याला आगाऊ रक्कम त्यानंतरच्या सोमवारी द्यायची आहे. पहिली पालकसभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायं. 6 वा. हॉलमध्ये, वडिलांनीही यावे, ही खास विनंती.

प्रभूच्या सेवेत आपला,
सचिव, ख्रिस्ती शिक्षण समिती