चिप पुसू का?

प्रिय सुऱ्या,

रागावला असशील. असूच दे, इतके महिने ना पत्र ना फोन. पण आजचं प्रकरण घरात सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील, म्हणून तुला. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

आपला थ्रीडी प्रिंटर. परवा छापता छापता तापमान मोजणारा थर्मिस्टर प्लास्टिक वितळवणाऱ्या हॉटएंडमधून निसटला. स्क्रीनवरचा आकडा घसरत चालला आणि बोर्ड हीटरला सांगतोय, आणखी ताप. जळका वास आला म्हणून मी धावत जाऊन बटण बंद केलं. हीटर चालू असूनही तापमान वाढत नसेल तर सगळं थांबवायचं, एवढी अक्कल नव्या मार्लिन फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, आहे. आपल्या जुन्या फर्मवेअरमध्ये ती नाही. मिल्या तेव्हा हेच बोंबलत होता, आणि 'चालतंय ना? मग हात लावू नका' म्हणून त्याला गप्प कुणी बसवलं? आठव.

नवं फर्मवेअर यूएसबीवरून चढवायचं तर आधी बूटलोडर, म्हणजे ते आत घेणारा छोटा प्रोग्राम, हवा, आणि या बोर्डावर तो घातलेलाच नाही. म्हणून तो छोटा संगणक, रास्पबेरी पाय, काढला (हो, तुझाच, परत मागू नकोस). त्याच्या १९, २१, २३ नंबरच्या पिना बोर्डाच्या आयएसपी हेडरला (चिपवर थेट लिहायची जागा), रीसेट २२ वरून. वीजही पायचीच, ३.३ व्होल्ट, कारण त्याच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. बोर्डाचा सप्लाय आणि यूएसबी दोन्ही काढले. एसडी कार्डही काढलं, ते त्याच तारांवर बसतं. चिप वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर एव्हीआरड्यूड चालवलं आणि चिपची ओळख, म्हणजे सिग्नेचर, उमटली: १ई ९७ ०५. एटीमेगा १२८४पी! मी एकटाच खोलीत नाचलो.

मग बॅकअप घ्यायला गेलो, तर लॉक बिट्स लावलेले. चिप स्वतःचं नाव सांगते, पोटातलं दाखवत नाही. हे कुलूप निघतं ते फक्त चिप इरेजने, म्हणजे १२८ केबी फ्लॅश कोरी. सेटिंग्ज साठवणारं ईईप्रॉम वाचवणारा फ्यूजही (फ्यूज म्हणजे चिपचं वागणं ठरवणारे बिट्स) लावलेला नाही, त्यामुळे तेही साफ. आणि ईईप्रॉममध्ये काय आहे? तुझे आकडे. प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरचे ते ९३ की ९७, ज्यावरून आपण रात्रभर भांडलो आणि माई 'आता तरी जेवा' म्हणत दारात उभी होती. आकडे जातील याची भीती नाही, एम ५०३ ही सेटिंग्ज दाखवायची आज्ञा देऊन सगळे वहीत उतरवलेत. (९७ च आहेत. गुपचूप बदललेस ना?) भीती वेगळीच आहे. इरेज केल्यावर माघारीचा रस्ता नाही. बूटलोडर बसला नाही तर हातात उरणार फक्त एक मुकी पाटी.

शिवाय फ्यूज. रीसेटनंतर आधी बूटलोडरकडे जायचं की थेट फर्मवेअरकडे, हे एका बिटावर. त्याच्या शेजारच्या बाइटमध्ये क्लॉकचे, म्हणजे चिपचा ताल कुठून घ्यायचा हे ठरवणारे, बिट्स. तिथे बाहेरचा क्लॉक निवडला गेला, तर बोर्डावरचा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल कामाचा नाही आणि चिप आपल्याशी बोलणंच सोडून देईल. आणि डेटाशीट म्हणते १० मेगाहर्ट्झच्या वर ४.५ व्होल्ट हवेत. मी देतोय ३.३. वाचायला चाललं, पण लिहिताना अडलं तर? लोक असंच करतात हे मलाही ठाऊक आहे. पण त्या लोकांचे प्रिंटर त्यांचे एकट्याचे असतात, हा निम्मा तुझा.

बरं, तुझं काय? नव्या नोकरीत साहेब बरा आहे का? चिंगीच्या परीक्षेला माझ्याकडून शाबासकी. वहिनींना नमस्कार सांग, त्यांचं दुखणं कमी झालं असेल.

तर काम असं. तू तेव्हा मूळ फर्मवेअरची हेक्स फाईल कुठूनशी मिळवली होतीस. अजून असेल तर आजच पाठव, म्हणजे वाईटात वाईट झालं तरी तीच आयएसपीवरून परत टाकता येईल. जुन्या लॅपटॉपवर शोध, 'कामाचं' नावाच्या फोल्डरमध्ये, जिथे तू सिनेमे ठेवायचास. फाईल येईपर्यंत एंटरला हात लावत नाही. आणि हो, पुसायला तुझी परवानगी आहे की नाही तेही लिही. मिल्याला विचारू नकोस, तो हसेल.

तुझा,
नंदू