हा नळ कुणाचा?

मा. संपादक,

शाळांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन प्रोजेक्टच्या बातम्या हल्ली बऱ्याच येतात, सोबत फोटो, मुलं स्क्रीनकडे बघून हात हलवतायत आणि खाली शाश्वत विकास वगैरे लिहिलेलं. मी शिक्षिका आहे, असे प्रोजेक्ट मुलांबरोबर करते, म्हणून त्या फोटोत जे येत नाही ते लिहितेय.

आमच्या आठवीच्या मुलांनी आणि दुसऱ्या देशातल्या तेवढ्याच वयाच्या मुलांनी मिळून पाण्याचा विषय घेतला होता. पद्धत दोन्हीकडे एकच, गळणारा नळ शोधायचा, खाली मोजपात्र ठेवायचं, मोबाईलवर १० मिनिटांचा टायमर लावायचा आणि येईल तो आकडा दोघांच्या शीटमध्ये भरायचा. एका सार्वजनिक नळाखाली १२० मिली जमलं. एवढंसंच तर आहे, असं एक मुलगी म्हणाली, मग तिनेच हिशोब केला, तासाला ७२० मिली, दिवसाला १७ लिटरच्या वर, आणि तीच बाकीच्या नळांची यादी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी त्या आकड्यासमोर तिकडच्या एका मुलाची कमेंट होती, हा नळ कुणाचा आहे? दुरुस्त करायचं कोण ठरवतं आणि तुम्ही त्यांना सांगितलं का? आमच्यातल्या एकालाही उत्तर येईना. नागरिकशास्त्राच्या पेपरात हीच मुलं पानंच्या पानं लिहितात हो! मग त्यांनी तोच प्रश्न तिकडे उलटा विचारला, तुमच्या शाळेसमोरची झाडं तोडायची की नाही हे कोण ठरवतं, तर त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटतं प्रोजेक्ट खरा तिथून सुरू झाला. रोज त्याच नळावरून जाणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही, तो बाहेरच्याला पडतो.

हे काही नवीन खूळ नाही. आयअर्न हे आंतरराष्ट्रीय नेटवर्क १९८८ पासून शाळा जोडतंय, युरोपात शाळांना ऑनलाइन जोडणारं ई-ट्विनिंग २००५ ला सुरू झालं, ग्लोब या कार्यक्रमात तर १९९५ पासून देशोदेशीची मुलं एकाच पद्धतीने हवामान, पाणी, माती मोजतायत. आणि पर्यावरणाचा स्थानिक कारभाराशी संबंध काय असं विचारणाऱ्यांनी १९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेतला अजेंडा २१ हा कृती आराखडा बघावा, त्याचं २८ वं प्रकरण स्थानिक प्रशासनावरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांमध्येही ११ वं शहरं-वस्त्यांचं आहे तसं १६ व्यात निर्णयांमधला लोकांचा सहभाग आहे, पण शाळेच्या भिंतीवर झाडं-पाण्याची पोस्टर लागतात, १६ वं कुणी घेतच नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक एकत्र बसून बजेटमधली कामं ठरवायला लागले हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, त्यात मुलं होती का?

माझी तक्रार अशी की बहुतेक प्रोजेक्ट प्रेझेंटेशनला संपतात. सर्टिफिकेट मिळतं, टाळ्या होतात आणि जो नळ दुरुस्त करू शकतो त्याच्यापर्यंत तो १२० मिलीचा आकडा जातच नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, त्याचं कलम १२ म्हणतं की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकलं पाहिजे आणि वय-समज बघून त्याला वजन दिलं पाहिजे, मग ऐकणारा माणूस समोर नको का? माझी शाळांना कळकळीची विनंती आहे, व्हिडिओ कॉल कमी करा, वेळेच्या फरकामुळे तसेही ते अर्ध्या मुलांना जमत नाहीत, आम्ही अख्ख्या प्रोजेक्टमध्ये दोनच केले, बाकी काम शीट आणि व्हॉइस नोटवर झालं, इंग्रजी अडलं तिथे चित्र काढून पाठवलं. पण शेवटचे दोन आठवडे मात्र अर्ज लिहायला, बजेटचा कागद वाचायला आणि पाठपुराव्याला ठेवाच. आणि तुम्हालाही विनंती, फोटो छापा, पण सोबत मुलांनी काय मोजलं आणि कुणाला विचारलं तेही छापा.

आमच्या मुलांनी नळांची यादी जोडून अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही. पोचपावतीचा फोटो शीटमध्ये टाकलाय आणि तिकडची मुलं दर सोमवारी त्याखाली विचारतात, आलं का?

– एक शिक्षिका